तुम्ही विचारलंत म्हणून : ईपीसीचा माणूस घरी येतो तेव्हा

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहून आता चौदा वर्षं झाली. पुण्या-नाशकाकडून आलेली मंडळी इथे घर घेतात, चारपाच वर्षांनी ते विकायला किंवा भाड्यानं द्यायला काढतात, आणि मग घराच्या ऊर्जा-प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे ईपीसीबद्दल, हमखास फोन येतो. तुमचाही आला. "ताई, ते ईपीसी कसं काढायचं? आणि ते नुसतं कागदापुरतंच असतं ना?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कागदापुरतं मुळीच नसतं. पण तो कागद घराकडे कसा बघतो हे ठाऊक नसेल, तर चांगल्या घराचीही श्रेणी खाली लागते. आमच्या घराची लागली होती.

ईपीसी म्हणजे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट. इंग्लंड-वेल्समध्ये ते २००७ साली सुरू झालं. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात तशी इथे घराला अक्षरं मिळतात, ए ते जी. अक्षराच्या मागे गुण असतात: ३९ ते ५४ म्हणजे ई, ५५ ते ६८ म्हणजे डी, ६९ पासून सी. विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं घर बाजारात आणण्याआधी ईपीसीची व्यवस्था करावीच लागते. भाड्याच्या घराला किमान ई हवी. नव्या करारांना हा नियम एप्रिल २०१८ पासून लागला आणि जुन्या भाडेकरूंच्या घरांना एप्रिल २०२० पासून. मोडला तर दंड ५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. राहत्या घरातली एखादी खोली फक्त लॉजरला, म्हणजे आपल्याच घरात राहणाऱ्या भाडेकरूला, देत असाल तर मात्र ईपीसी लागत नाही. हे अनेकांना माहीत नसतं आणि उगीच पैसे जातात.

म्हणून पहिलं काम, सरकारी नोंदवहीत आपला पोस्टकोड टाकून बघा. ती सगळ्यांना खुली आहे. एकदा काढलेलं ईपीसी दहा वर्षं चालतं, त्यामुळे आधीच्या मालकानं काढलेलं अजून चालू असण्याची बरीच शक्यता असते. नसेल तर तिथेच आपल्या भागातल्या मान्यताप्राप्त असेसरची, म्हणजे घर तपासून ईपीसी देणाऱ्यांची, नावं मिळतात. त्यांना थेट फोन करा. आम्हाला ७५ पौंड पडले. एजंटच्या मार्फत केलं असतं तर जास्त पडले असते.

आता आमचं घर. १८९० च्या दशकातलं, लाल विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यावर एक निजायची खोली. २०१६ च्या डिसेंबरात आई साताऱ्याहून आली आणि त्या मागच्या खोलीत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी मला हाक मारून म्हणाली, "अगं, ही भिंत घामेजलीय बघ." कपाट पुढे ओढलं तर मागे हातभर काळी बुरशी. भिंतीला तळवा लावला की पाण्याच्या माठाला लावावा तसा गार आणि ओला लागायचा. नऊ इंची सलग विटांची भिंत, मधे पोकळी नाही. खोलीतली ऊबदार, दमट हवा त्या गार भिंतीवर येऊन थबकते आणि तिचं पाणी होतं. आईला रात्री खोकला का येतो, ते मला त्या दिवशी कळलं. तोवर मी तिला औषधं देत होते.

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या दोन्ही खोल्यांच्या बाहेरच्या भिंतींना आतून इन्सुलेशन, म्हणजे ऊब धरून ठेवणारा थर, लावून घेतलं, आणि स्वयंपाकघरात दमट हवा ओढून घेणारा चांगला पंखा बसवला. पंख्याचं मुद्दाम सांगते, कारण भिंत गरम करून हवा कोंडली तर ओल दुसरीकडे जागा शोधते. लॉफ्टमधला, म्हणजे छपराखालच्या माळ्यावरचा, इन्सुलेशनचा थर आम्ही २०१४ सालीच वाढवला होता: वाशांच्या मधे १०० मिलिमीटर, वर आडवा १७०. आई पुन्हा आली तेव्हा त्याच खोलीत महिनाभर राहिली. खोकला नाही.

२०२२ साली जवळच थोडं मोठं घर घेतलं आणि हे भाड्यानं द्यायचं ठरवलं. जुन्या ईपीसीची मुदत संपली होती. असेसर आला, पाऊण तासात काम उरकून गेला, आणि दोन दिवसांनी निकाल आला: ई, ५२ गुण. मला रडू यायचं बाकी राहिलं. मग तक्ता शांतपणे वाचला. भिंती : सलग विटांच्या, इन्सुलेशन नाही (गृहीत). छप्पर : इन्सुलेशन नाही (गृहीत). सगळी गोम त्या कंसातल्या शब्दात होती.

असेसर भिंत फोडून बघत नाही, बघूही शकत नाही. तो खोल्यांची लांबी-रुंदी-उंची मोजतो, दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी घेतो, बाहेर जाऊन विटांची रचना बघतो. एकाच ओळीत विटेची लांब बाजू आणि मग डोकं असं आलटून पालटून दिसलं तर बहुधा भिंत सलग. बॉयलरचं मॉडेल टिपतो, रेडिएटरचे व्हॉल्व्ह, खिडक्या, दिवे बघतो, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढतो. जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा कागदही नाही, तिथे घराच्या वयावरून ठरलेलं गृहीतक भरतो. आमच्या लॉफ्टच्या झडपेखाली उंच कपाट होतं, त्यावर सुटकेसा. त्याला शिडी लावता आली नाही. सामान हलवणं त्याचं काम नव्हे. मी त्या वेळी ऑफिसच्या कॉलवर होते आणि त्यानं विचारलं तेव्हा "राहू दे" म्हणाले. भिंतींच्या कामाचा कागद मी दाखवलाच नव्हता, कारण तो लागतो हेच ठाऊक नव्हतं.

शेवटी तो कागद सापडला आईच्या व्हिसाच्या फायलीत! अशा कामाची काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बिल्डिंग कंट्रोल विभागाकडे नोंद करावी लागते आणि काम झाल्यावर पूर्ततेचा दाखला मिळतो. त्यावर आमचा पत्ता होता, कोणत्या भिंती ते होतं, तारीख होती. पुन्हा ७५ पौंड भरून दुसऱ्या असेसरला बोलावलं. कपाट आदल्या रात्रीच सरकवून ठेवलं. तो शिडीवर चढला, अर्धा लॉफ्टमध्ये शिरला, त्या गुबगुबीत थरात स्टीलची पट्टी उभी खोचली, टॉर्च धरून फोटो घेतला. खाली उतरून म्हणाला, "२७०." मग दाखला वाचला आणि मागच्या भिंती वेगळ्या नोंदवल्या. निकाल : डी, ६६. घरात एक वीटही बदलली नव्हती.

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा फ्लॅट आमच्या घरापेक्षा शंभर वर्षांनी नवा, तरी ई. तिच्याकडे गॅस नाही, साधे विजेचे हीटर. हे गुण खर्चावरून काढलेले असतात, दर चौरस मीटरमागे, आणि इथे विजेचं युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग आहे. घरात कोण कसं राहतं हे त्यात धरतच नाहीत. बैठकीची खोली २१ अंशांवर आहे असं मानून हिशोब होतो. त्यामुळे तुमचं बिल आणि ईपीसीवरचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका.

शेवटच्या पानांवर सुधारणांची यादी येते, प्रत्येकीचा अंदाजे खर्च आणि वाढणारे गुण. ती जरूर वाचा, पण आधी ओल कुठे आहे ते बघा. गुण वाढवायचे म्हणून सोलर पॅनेल लावायचे आणि भाडेकरूच्या लेकराच्या पलंगामागे बुरशी तशीच ठेवायची, हे मला पटत नाही. कपाटं पुढे ओढा, भिंतीला हात लावून बघा.

तुमच्याकडे असेसर गुरुवारी येतोय म्हणालात. बुधवारी रात्री झडपेखालची जागा मोकळी करा. खिडक्यांची, बॉयलरची, भिंतींची जी काही बिलं आणि दाखले असतील ते एका फायलीत घालून त्याच्या हातात द्या. ऑफिसचा कॉल असेल तर पुढे ढकला. आणि शिडी नसेल तर आमची घेऊन जा, मागच्या दाराशीच उभी आहे.