हलगी, सम आणि शून्य

रविवार, दुपारचा एक. स्वयंपाकघरात मटणाचा कुकर चढलेला आणि मी लॅपटॉपवर हलगी वाजवत बसलेलो. वाजवत म्हणजे, लिहीत. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेऊन चार महिने झाले. शिकणारे सगळे आधी कामांची यादी बनवतात, मला ठेका बनवायचा होता. ब्राउझरमध्येच आवाज तयार होतो: थोडा खरखराट घ्यायचा, पाव सेकंदाच्या आत विझवायचा, की हलगीच्या जवळपासचं काहीतरी ऐकू येतं. जवळपासचं म्हणजे रंकाळ्यापासून पन्हाळा जेवढा जवळ, तेवढं.

पहिलं भांडण मोजणीवरून. तबल्याच्या क्लासात आम्ही एकपासून मोजलं, संगणक शून्यापासून मोजतो. आठ मात्रांच्या केरवा तालात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शून्यावर आणि 'खाली', म्हणजे डग्गा गप्प असतो ती पाचवी मात्रा, चारवर! गुरुजींनी पाहिलं असतं तर डग्ग्यावरचा हात माझ्या पाठीत बसला असता. पण मात्रेला आठने भागून बाकी शून्य उरली की समेवर आलो, हे इतकं सरळ निघालं की राग टिकला नाही.

लयीचंही तेच. टायमरला दर पाव सेकंदाला ठोका सांगितला, तर तो सरकारी पद्धतीने थोडा उशिराच देतो. आवाजाचं घड्याळ वेगळं असतं, पुढचे ठोके त्यावर आधीच नोंदवून ठेवायचे, हे कळायला दोन आठवडे गेले.

आणि माझ्या कोडमध्ये एक ठोका बदलला की सगळं थांबून पहिल्यापासून. सॅम आरन यांच्या सॉनिक पाय या कोड लिहून संगीत वाजवायच्या प्रोग्राममध्ये चालू ठेका न थांबवता बदलता येतो. अल्गोरेव्ह म्हणतात त्या, कोड लिहून नाचायचं संगीत वाजवायच्या मैफलीत तर वाजवणारे आपला कोडच पडद्यावर दाखवतात, सगळ्यांदेखत बदलतात.

सगळ्यांदेखत म्हटल्यावर मला कोल्हापूरचं कुस्तीचं मैदान, खासबागच आठवलं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ सालचं ते मैदान वाडग्यासारखं खोलगट, कुठंही बसा, कुस्ती दिसते. मी मात्र हलगीवाल्याकडे बघायचो. तो कागद पेटवून हलगी शेकायचा, बोटाने ठोकून ऐकायचा, परत शेकायचा. पैलवान नुसते एकमेकांची मान चाचपत असले की हलगी सुस्त, कुणी समोरच्याचे पाय धरायला पटात शिरला की कडाडायची. त्याची नजर स्वतःच्या हातावर कधीच नसायची. आजोबा म्हणायचे, "डाव बघू नगंस, हलगी ऐक. पट निघायच्या आदी त्येला कळतंय."

माझ्या प्रोग्राममध्ये आता नवा ठेका समेपर्यंत वाट बघतो आणि गुपचूप जुन्याच्या जागी बसतो. कानाला बरं वाटतं. पण तो हलगीवाला समेसाठी थांबल्याचं काही आठवत नाही.

"आरं, बंद कर की ते टकटक! शिट्ट्या किती झाल्या?" आतून आई.

"पाच," मी ठोकून दिलं. शून्यापासून मोजल्या की एकपासून, देव जाणे.