फनेलमधल्या काजळीशी दोन हात

मी थर्ड इंजिनिअर म्हणून कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या एका बल्क कॅरिअरवर चढलो, तेव्हाची ही गोष्ट. २०२० च्या आधीची, म्हणजे जहाजी तेलातल्या गंधकाची मर्यादा ०.५ टक्क्यावर आली त्याच्या आधीची. साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक असलेलं हेवी ऑइल आम्ही बिनदिक्कत जाळत होतो. भारतीय क्रूच्या बोटीवर थर्ड इंजिनिअर म्हणजे ‘तीन साब’, आणि तीन साबच्या गळ्यात बॉयलर. बॉयलर आला की त्याच्यामागोमाग इकॉनॉमायझर येतोच.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचं मुख्य इंजिन सहा सिलिंडरचं, दोन स्ट्रोकचं, साधारण साडेनऊ हजार किलोवॅटचं. सावकाश फिरणारी ही इंजिनं फार काटकसरी असतात. तेलातली जवळपास निम्मी ऊर्जा प्रोपेलरपर्यंत पोचवतात. उरलेल्यातला मोठा वाटा, एकूण ऊर्जेच्या चौथाईच्या आसपास, धुराबरोबर फनेलमधून, म्हणजे बोटीच्या धुरांड्यातून, निघून जातो. त्यातलं काही परत मिळवायचा पहिला मान टर्बोचार्जरचा, धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या यंत्राचा. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज तो इंजिनाचाच भाग झालाय, त्यामुळे तो वाया जाणाऱ्या धुरावर चालतो याचा आपल्याला विसरच पडतो. टर्बोतून बाहेर पडलेला धूरही सव्वादोनशे-अडीचशे अंशांचा असतो. तो इकॉनॉमायझरच्या नळ्यांवरून जातो, नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते, आणि सात बार दाबाच्या त्या वाफेवर बोटीचा संसार चालतो.

संसार म्हणजे मुख्यतः तेल तापवणं. हेवी ऑइल थंड असताना डांबरासारखं. टाकीत ते पन्नासएक अंशांवर ठेवायचं, तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरला अठ्ठ्याण्णव अंशांवर द्यायचं, आणि इंजिनात फवारण्याआधी एकशेतीस-चाळीसपर्यंत न्यायचं. हे सगळं फुकटच्या वाफेवर. वाफ कमी पडली की तेलावर चालणारा बॉयलर आपोआप पेटतो, आणि दिवसाला दोनेक टन तेल गिळतो.

मी चढलो तेव्हा तो रोज रात्री पेटत होता.

याचं मूळ वेगात होतं. भाड्याने बोट घेणाऱ्यांनी हळू चालवायचा हुकूम दिला होता, त्यामुळे इंजिनाचा लोड, म्हणजे पूर्ण ताकदीपैकी वापरात असलेला हिस्सा, चाळीस-बेचाळीस टक्क्यांवर. पूर्ण चालीला दिवसाला तीस टन लागायचं तिथे सोळा-सतरा टनांत भागत होतं. हळू चालण्याला माझा विरोध नाही, हिशोब स्वच्छ आहे. पण तेरा टन वाचल्यावर बॉयलरच्या दोन टनांकडे कोण बघतो? लोड उतरला की धूर कमी होतो, त्याचा नळ्यांमधला वेग पडतो, आणि जी काजळी एरवी वाऱ्यावर निघून गेली असती ती नळ्यांवर बसते. बसली की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे जी काटकसर ऑफिसला दिसते तीच दुसऱ्या काटकसरीच्या मुळावर येते.

इकॉनॉमायझरच्या खालच्या आणि वरच्या बाजूमधला धुराच्या दाबाचा फरक दाखवायला एक साधा यू आकाराचा काचेचा मॅनोमीटर असतो. रोजच्या नोंदवहीत त्याचा आकडा सत्तरच्या आसपास, मिलिमीटर पाणी. इंजिनवाल्यांची मर्यादा साधारण दीडशेची, म्हणून आधीच्या सगळ्या नोंदी ‘ठीक’ होत्या. मला ते पटेना. बोट नवी असतानाच्या चाचणीत, पंच्याऐंशी टक्के लोडला, हाच आकडा नव्वद होता. धुराचा प्रवाह निम्मा झाला की दाबातली घट चौथाईवर येते. आमच्या लोडला स्वच्छ नळ्यांमध्ये आकडा पंचविसाच्या आत-बाहेर हवा. सत्तर म्हणजे जवळपास तिप्पट.

बडा साब, म्हणजे आमचे चीफ इंजिनिअर, केरळचे. बोलायला कमी. मी कागद पुढे ठेवला तर त्यांनी एवढंच विचारलं की मॅनोमीटर खरं बोलतो याला आधार काय. प्रश्न रास्त होता. आमचा मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, गुहागरकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा, बोटींवर उभा जन्म काढलेला. चारचौघांत मला ‘तीन साब’ म्हणायचा आणि दोघंच असलो की मराठीत सुरू व्हायचा. तो म्हणाला, “साहेब, काचेकडे बघत बसू नका. आधी नळ्या फुंकून घ्या. काजळीने नळी बुजली की काच वाटेल ते दाखवते.” दोन्ही बारीक नळ्या सोडवल्या, हवेने फुंकल्या, एकीतून चिमूटभर काळी भुकटी निघाली. जोडून पुन्हा पाहिलं तर सत्तरचे चौऱ्याहत्तर झाले.

त्यानंतर बडा साबना काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण खरी भीती तेलाच्या नासाडीची नव्हतीच. कोरडी काजळी तीनशे-चारशे अंशांना पेटते, पण कमी लोडला न जळलेलं तेल तिच्यात मुरतं आणि मग दीडशे अंशही पुरतात. छोटी आग आपली आपण विझते. पण तेवढ्यात पाणी फिरवणारा पंप बंद पडला किंवा नळी फुटली, तर तापमान हजाराच्या वर जातं आणि मग खुद्द लोखंड जळायला लागतं. म्हणून इंजिन थांबलं तरी तो पंप तासन् तास चालू ठेवायचा हा बोटीवरचा कडक नियम आहे.

धुवायचं ठरलं इंडोनेशियातल्या कालिमंतानला. सामारिंडाजवळ मुआरा बेराउला बोटी नांगरावर उभ्या राहतात आणि नदीतून आलेल्या बार्जमधला कोळसा तरंगत्या क्रेनने भरला जातो. काही दिवस मुख्य इंजिनाला काम नसतं. एजंटमार्फत इंजिन बंद ठेवायची परवानगी कॅप्टननी मिळवली. पण पाण्याचं काय? धुवायला गोडंच पाणी लागतं. समुद्राच्या पाण्यातलं मीठ नळ्यांना खातं. आणि बोटीवर गोडं पाणी बनतं तेही इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच. जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पाण्यावर, निर्वातात, समुद्राचं पाणी पन्नासएक अंशांना उकळवतात. नांगरावर इंजिन बंद, म्हणजे पाणी बंद. कमी लोडला वाटेतही ते कमीच बनत होतं. म्हणून प्रवासात आठवडाभर टाक्या भरत ठेवल्या, कपडे धुण्याचे वार ठरवले, आणि त्याबद्दल सगळ्या बोटीने मला मनापासून शिव्या घातल्या.

नांगर पडल्यावर पंप रात्रभर चालू ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. जवळजवळ विषुववृत्त, वर तापलेला फनेल, आत अजून कोमट लोखंड. आत माणूस घालायचा म्हणजे बंदिस्त जागेचा परवाना, ऑक्सिजन २०.९ टक्के आहे याची खात्री, विषारी आणि ज्वालाग्राही वायूंची तपासणी, बाहेर एक माणूस कायम उभा. हे सोपस्कार वाटतात, पण बंद जागेत गुदमरून गेलेल्या खलाशांच्या गोष्टी बोटीवर प्रत्येकाने ऐकलेल्या असतात, त्यामुळे कुणी कुरकुर केली नाही.

सगळ्यात नाजूक जागा तळाशी होती. वरून सोडलेलं पाणी खाली येतं, आणि धुराचा पाइप थेट टर्बोचार्जरकडे उतरतो. काळं, आम्लयुक्त पाणी टर्बोत शिरलं तर पुढच्या बंदरात इंजिन नाही, थेट दुरुस्तीच. म्हणून टर्बोच्या तोंडावर आधी ताडपत्री आणि फळ्या ठोकून आडोसा केला, आणि इकॉनॉमायझरच्या तळातली निचऱ्याची नळी तारेने ढोसून मोकळी करून घेतली. मिस्त्रींनी अर्ध्या इंची पाइपला टोक बंद करून, बाजूने भोकं पाडून लांब फवारा बनवला. तो नळ्यांच्या ओळींमधून सरकवला की पाणी चहूबाजूंनी उडायचं.

पहिलं पाणी बाहेर आलं तेव्हा लिटमसचा कागद बुडताक्षणी लाल झाला. गंधकाचा धूर काजळीत मुरलेला, त्यात पाणी मिसळलं की गंधकाम्ल तयार. म्हणून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घातलेला होता. एकदा पाणी लावलं की पूर्ण धुवायचंच. अर्धवट भिजलेली काजळी वाळून नळ्यांवरच्या पत्र्याच्या पंखांमध्ये घट्ट चिकटते आणि आम्ल आतल्या आत नळी पोखरतं.

वरच्या ओळी भराभर साफ झाल्या. खालच्या ओळींत, जिथे धूर आधी आपटतो, तिथे मात्र चिकट तेलकट थर होता. तिथे आम्ही अडकलो. फवारा जात नव्हता, बोटांनी खरवडता येत नव्हतं, आणि मिस्त्री सावकाश, एकेक ओळ करत पुढे सरकत होते. तेवढ्यात वॉकीटॉकीवर तळाशी बसलेल्या मोटरमनचा आवाज: “पाणी बंद करा, नळी तुंबली!” वरून सुटलेला काजळीचा ढेकूळ निचऱ्यात अडकला होता आणि तळात पाणी चढत होतं. त्याला म्हणूनच तिथे बसवलेलं होतं. व्हॉल्व्ह बंद केला, त्याने तार घातली, फिरवली, ओढली, ते निघेना. शेवटी नळीचा खालचा फ्लँज, म्हणजे बोल्टांचा जोड, ढिला करून बादल्यांनी पाणी काढलं. पाणी ताडपत्रीच्या काठापासून वीतभर खाली थांबलं होतं. तो वर आला तेव्हा डोळ्यांचे पांढरे सोडले तर सगळाच काळा. म्हणाला, “घरच्यांनी आता वळखायचं कसं? बोट तर जयगडला चाललीय.” आमचा कोळसा खरंच जयगडला उतरायचा होता, आणि खाडी ओलांडली की त्याचं गाव.

संध्याकाळपर्यंत निचऱ्याचं पाणी राखाडी झालं, कागदाचा रंग बदलायचा थांबला. काळं पाणी समुद्रात सोडायचा प्रश्नच नव्हता, ते घाण पाण्याच्या बिल्ज टाकीत गेलं आणि सेकंड साबना टाकीच्या मापाची काळजी लागली. नळ्यांत पाण्याचा दाब देऊन गळती तपासली. एका वेल्डापाशी ओल दिसली, ती पुसून पुन्हा पाहिली, आली नाही. ताडपत्री काढली, आणि टर्बोच्या तोंडाशी एकही फळी-चिंधी राहिली नाही हे बडा साब स्वतः टॉर्च घेऊन बघून गेले.

निघाल्यावर बेचाळीस टक्के लोडला मॅनोमीटर सत्तावीस. बॉयलर रात्रभर गप्प. आणि ज्याची मी फारशी अपेक्षा धरली नव्हती तेही घडलं: सिलिंडरमधून निघणाऱ्या धुराचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं. मागचा अडथळा गेला म्हणून इंजिनही मोकळा श्वास घेत होतं. म्हणजे ती काजळी वाफ तर खात होतीच, पण इंजिनाच्या तेलातही वाटेकरी होती.

बडा साबनी ऑफिसला लिहिलं की रोज तासभर लोड पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत चढवू द्या, म्हणजे धुराचा वेग वाढेल आणि त्याच वेळी वाफेचा झोत मारून नळ्या झाडता येतील. बऱ्याच ईमेलांच्या मेलामेलीनंतर परवानगी आली. कॅप्टनची अट वेगळी: वारा आडवा असल्याशिवाय झोत मारायचा नाही, कारण मागून वारा आला की काजळीचे कपटे थेट हॅचवर, म्हणजे मालाच्या कोठारांच्या झाकणांवर, आणि सारंगने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, नुकताच रंग लावलेला. त्यामुळे रोज दुपारी लोड चढवायचा, जिथून बोट हाकतात त्या ब्रिजला फोन करून वारा विचारायचा, आणि ते ‘हो’ म्हणाले तरच व्हॉल्व्ह उघडायचा. नोंदवहीत मॅनोमीटरच्या शेजारी लोडचा रकाना मी आखून घेतला. जयगडपर्यंत, त्या लोडला, आकडा तिसाच्या पुढे गेला नाही.

ऑफिसला आधीचे-नंतरचे आकडे, फोटो, वाचलेल्या तेलाचा हिशोब, सगळं पाठवलं. उलट टपाली एकच प्रश्न आला, की धुण्याला गोडं पाणी नेमकं किती टन गेलं.