बसमध्ये की बसवर?

आज सातवीला इंग्रजीत ‘इन’ आणि ‘इनटू’ घेतलं. आपल्याकडे बकरी विहिरीत पडते अन् मग विहिरीतच असते. दोन्हीकडे तोच ‘त’, बाकीचं क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत पडताना ‘इनटू द वेल’, पडल्यावर ‘इन द वेल’. पोट्ट्यांना लवकर समजलं, कारण मागच्याच आठवड्यात एकाची बकरी खरंच पडली होती. (निघाली बिचारी, दोर टाकून.)

खरी मजा ‘बाजेखालून’ला आली. मांजर बाजेखालून पळालं. आपण बाजेला मागून ‘खाली’ जोडतो, त्याला पुन्हा ‘ऊन’, सगळा एकच शब्द. इंग्रजीत आधी ‘फ्रॉम’, मग ‘अंडर’, आणि बाज सगळ्यात शेवटी. एक पोरगी म्हणाली, "सर, म्हंजे आपला शब्द उलटा वाचाचा!" इतकं नेमकं मला बी.एड.लाही कोणी सांगितलं नव्हतं.

मग फसलो. कारमध्ये बसलो तर ‘इन द कार’, पण बसमध्ये बसलो तर ‘ऑन द बस’. मागच्या बाकावरून लगेच, "मंग टपावर बसलं त काय म्हनाव सर?" ‘ऑन द रूफ’ सांगून सुटलो. "अन् दारात लोंबकळलं त?" तेवढ्यात घंटा झाली, बरं झालं.

संध्याकाळी फाट्यावर गाडी आली ती दारापर्यंत भरलेली. माझा एक पाय पायरीवर, दुसरा हवेत, डबा काखेत. आतून तोच आवाज: "सर, आता इन का ऑन?"