नवी व्हीलचेअर नको, जुनीच्या टायरचे पैसे द्या

गणपती जवळ आले की किंवा कुणाच्या आईवडिलांचं वर्षश्राद्ध असलं की फोन येतोच, "ताई, तुमच्या रुग्णसाहित्य केंद्राला काहीतरी मदत करायची आहे, काय करू? एखादा कार्यक्रम ठेवू, वस्तू देऊ की सरळ पैसेच देऊ?" तुम्ही इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट बसून लिहितेय.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं सगळं आम्ही डिपॉझिट घेऊन घरी वापरायला देतो, पेशंटचं काम झालं की वस्तू परत आणि पैसे परत. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगरची आपली मंडळी तर येतातच, पण इंदूरच्या एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधून डिस्चार्ज घेऊन खरगोन, बडवानी, झाबुआकडे परत जाणारेही येतात आणि त्यांच्याकडून आम्ही डिपॉझिट घेत नाही, कारण बसभाड्याचे पैसेसुद्धा मोजून ठेवलेले असतात त्यांनी.

तर माझं उत्तर असं की पैसे द्या, आणि ते कशावर खर्च करायचे ते आमच्यावर सोडा.

हे ऐकून थोडी निराशा होते हे मला कळतं. आईच्या नावाची पाटी लावून एक नवीकोरी व्हीलचेअर द्यावी असं वाटतं आणि त्या भावनेचा मला खरंच आदर आहे, पण व्हीलचेअरी आमच्याकडे बऱ्यापैकी आहेत, नसतात ते त्या चालू ठेवायचे पैसे. वॉकरचंच बघा, त्याच्या चार पायांना खाली रबरी बुशं असतात, रोजच्या वापराने ती झिजतात आणि एका बाजूने अशी तिरकी कापल्यासारखी होतात की वरून बघून काहीच कळत नाही, वॉकर उलटा केला तरच दिसतं. आता खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेली पंचाहत्तरीची आजी, घरात गुळगुळीत टाइल्स, बाथरूमच्या दाराशी थोडं पाणी सांडलेलं, आणि हातात तो वॉकर. बुशांना खर्च किरकोळच असतो हो, पण बुशांसाठी म्हणून देणगी आजवर कुणी दिलेली नाही, आणि बुशांवर नाव तरी कुठे घालणार? एअर बेडचे पंप, व्हीलचेअरचे टायर आणि ब्रेक, पलंगाच्या हँडलचं वेल्डिंग, गोदामाचं भाडं, पलंग तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्या हमालाची मजुरी, सगळ्याचं तेच.

कॉन्सन्ट्रेटरची गोष्ट तर फार महत्त्वाची आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोकांनी अक्षरशः धावून धावून मशिनं दिली, त्या वेळी त्यांनी जीव वाचवले. पण हे मशीन नुसतं ठेवून चालत नाही, त्याच्या आत जिओलाइट नावाचे दाणे असतात ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो, मशीन महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते दाणे दमट होऊन निकामी होत जातात, मग मशीन सुरू होतं, आवाजही करतं, पण ऑक्सिजन पुरेसा शुद्ध येत नाही. म्हणून मशिनं अधूनमधून चालवायला लागतात, फिल्टर धुवायला लागतात, शुद्धता मीटर लावून तपासायला लागते. तुमच्या घरी कपाटावर असं एखादं पडलेलं असेल तर जरूर द्या, पण सोबत एका सर्व्हिसिंगचे पैसे देता आले तर ते मशीन कुणाच्यातरी उपयोगी पडेल, नाहीतर फक्त जागा बदलेल.

आता कार्यक्रम. आपल्या इंदूरच्या मराठी माणसाला नाटकाचं वेड आहे, त्यामुळे पहिली सूचना कायम हीच, रवींद्र नाट्यगृहात चॅरिटी शो लावू. लावा ना, मला आवडेलच, पण आधी हिशेब मांडा. मुंबई-पुण्याहून मंडळी येणार म्हणजे त्यांचं मानधन, प्रवास, राहणं-जेवण, सेटचा ट्रक, हॉलचं भाडं, आणि तिकीट आपण फार महाग ठेवू शकत नाही. नुसत्या तिकिटांतून खर्च निघाला तरी पुष्कळ झालं, खरी रक्कम उभी राहते ती स्मरणिकेच्या जाहिरातींतून, आणि त्यासाठी दोन-तीन महिने आधीपासून दुकानं, क्लिनिकं, सीए, बिल्डर यांच्या पायऱ्या झिजवणारी चार माणसं लागतात. ती चार माणसं असतील तर नाटक करा, नसतील तर सोसायटीत आनंदमेळा करा. थालीपीठ, साबुदाणावडे, उकडीचे मोदक आपापल्या घरून करून आणायचे, सामानाचा खर्च ज्याचा त्याने उचलायचा, टेबलावर क्यूआर कोड ठेवायचा, आलेली सगळी रक्कम संस्थेला. हॉलभाडं नाही, मानधन नाही, त्यामुळे छोटा दिसला तरी हाती जास्त उरतं, आणि शेजारच्या टेबलावर आम्हाला दोन वॉकर, एक एअर बेड मांडू दिलात तर केंद्र कुठे आहे हे पन्नास घरांना कळतं, ते मला पैशांइतकंच मोलाचं वाटतं.

पीथमपूरच्या कंपनीत ओळख आहे, सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून, करून देऊ का, असंही विचारतात. जरूर बघा, फक्त कुठल्याही संस्थेसाठी बोलणी करण्याआधी असा निधी घेण्यासाठी लागणारं सरकारकडचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन तिच्याकडे आहे का ते विचारा, त्याशिवाय पुढे जात नाही.

टॅक्सचं पण सांगून टाकते. ८०जी, म्हणजे देणगीदाराला टॅक्समध्ये सवलत मिळवून देणारी मान्यता, असलेल्या आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेवर वजावट मिळते, तिला वरची मर्यादा आहे आणि ती जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते, नव्यात नाही. २००० रुपयांच्या वर रोख दिलंत तर मिळत नाही, वस्तू दिल्या तरी मिळत नाही. आणि गुप्तदान करणाऱ्यांना हात जोडून विनंती, तुमचं नाव आम्ही कुठेही लावणार नाही पण पावतीसाठी नाव-पत्ता द्या, निनावी देणग्या ठराविक मर्यादेच्या वर गेल्या की त्यावर संस्थेला ३० टक्के कर भरावा लागतो.

मुलगा अमेरिकेत आहे, तो डॉलर पाठवेल म्हणतो, हे तर प्रत्येक दुसऱ्या घरात. त्याचा पासपोर्ट अजून भारताचा असेल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत तो देऊ शकतो, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्यांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी धरतात आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नसलेल्या संस्थेला ती घेताच येत नाही. आमच्याकडे ते नाही, त्यामुळे आम्ही घेत नाही, कृपया राग मानू नका.

आणि पैसे द्यायची परिस्थिती नसेल तर एक काम आहे ज्याला माणसं मिळतच नाहीत, ते म्हणजे वस्तू परत मागायचे फोन. पेशंट बरा झालेला असेल तर सोपं असतं. पण बऱ्याचदा पेशंट गेलेला असतो, घरात दिवस सुरू असतात, पलंग त्या खोलीत तसाच असतो, आणि आमच्याकडे त्याच पलंगासाठी दुसरं कुणीतरी थांबलेलं असतं. तिथे फोन करून आधी विचारपूस करायची, ते बोलतील तेवढं ऐकून घ्यायचं, आणि मग म्हणायचं, "काका, घाई नाही, तेरावं होऊ द्या, आमची गाडी येऊन घेऊन जाईल, तुम्ही काही उचलू नका." हे नीट करणारी, मोठ्या वयाची, शांत आवाजाची दोन-तीन माणसं मला हवी आहेत. संध्याकाळचा थोडा वेळ लागतो, तोही घरी बसूनच, आणि यादी मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.