शपथविधी, पण मंत्रिपद नाही

माझा शपथविधी आहे, असं फोनवर सांगितल्यावर कोल्हापूरच्या मामांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं खातं मिळालं गं?" त्यांचंही बरोबरच आहे. आपल्याकडे शपथ घ्यायची ती राज्यपालांच्या बंगल्यावर. माझी होती न्यूअर्कच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या फेडरल इमारतीत, सकाळी आठ वाजता, अमेरिकेची नागरिक होण्यासाठी.

आत शिरताना विमानतळासारखी तपासणी. मग रांग. बोलावण्याच्या पत्राला एक प्रश्नावली जोडलेली असते, ती त्याच दिवशी भरून न्यायची. नागरिकत्वाच्या मुलाखतीनंतर लग्न केलंत का, घटस्फोट झाला का, देशाबाहेर गेलात का, पोलिसांनी पकडलं का. गाडीचं चलनसुद्धा सांगावं लागतं. मी मधल्या काळात एकदा नायगाराच्या कॅनडाकडच्या बाजूला जाऊन आले होते. तारीख काही केल्या आठवेना. शेवटी रांगेत उभ्या उभ्याच मोबाइलमधल्या धबधब्याच्या फोटोंवरून शोधून काढली.

काउंटरवर ग्रीन कार्ड द्यायचं, ते परत मिळत नाही. कितीतरी वर्षं पर्सच्या चोरकप्प्यात जपलेलं, दर प्रवासाआधी तीनतीनदा चाचपून पाहिलेलं कार्ड. बाईंनी ते न बघताच रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यावर टाकलं. मी उगाचच दोन क्षण तिथेच रेंगाळले.

हॉलमध्ये एकेका देशाचं नाव पुकारतात, त्या देशाच्या लोकांनी उभं राहायचं. डॉमिनिकन रिपब्लिक म्हटल्यावर मागून आरोळीच आली. आपण भारतवाले उठलो ते शाळेत हजेरीला उठावं तसे, खाली मान घालून. मग सगळ्यांनी उजवा हात वर करून अधिकाऱ्यामागून शपथ म्हणायची. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे. आजवर ज्या परक्या राजाची, सत्ताधीशाची किंवा राज्याची प्रजा होतो, त्याच्यावरची निष्ठा सोडली, असं म्हणायचं. आमच्या कोल्हापूरला राजघराणं आहे खरं, पण त्यांनी माझ्याकडे निष्ठा कधी मागितली नव्हती. वेळ आली तर देशासाठी शस्त्र हाती घेईन, असंही त्यात आहे. शेजारच्या सत्तरीच्या आजी ते सगळ्यांत मोठ्याने म्हणत होत्या.

शपथ दोन मिनिटांत संपते. हातात छोटा झेंडा आणि प्रमाणपत्र येतं. ते खुर्चीत बसूनच अक्षर न् अक्षर वाचा. मधलं नाव नवऱ्याचं, ही आपली पद्धत इथल्या फॉर्मांना नीट पचत नाही. चूक तिथेच दाखवली तर ठीक, नंतर वेगळा अर्ज आणि थांबणं आलं.

कोणी आधी सांगत नाही ते पुढचं. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. म्हणजे निळा पासपोर्ट कपाटात असला तरी त्यावर प्रवास करायचा नाही. ग्रीन कार्ड गठ्ठ्यात गेलेलं. अमेरिकेच्या पासपोर्टसाठी मूळ प्रमाणपत्रच अर्जासोबत पाठवावं लागतं, त्यामुळे तेही काही आठवडे हातात नाही. या दिवसांत घरून वाईट फोन येऊ नये, एवढंच मनात असतं. प्रमाणपत्राची प्रत मात्र पाठवण्याआधी काढून ठेवा, भारतीय पासपोर्ट जमा करताना लागते. तो पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत येतो. त्यानंतर ओसीआयचा, म्हणजे परदेशाचे नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डाचा अर्ज. ते कार्ड मिळालं की व्हिसाची कटकट कायमची संपते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, म्हणून सातबाऱ्याची काळजी नाही.

परवा मामांचा पुन्हा फोन आला. "दिवाळीला येतेस ना?" येते म्हणाले. तोवर ओसीआय हातात आलं नाही, तर कोल्हापूरला यायला मला व्हिसा काढावा लागेल, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.