प्लाझ्मा टेबलाच्या हाइट सेन्सिंगसाठी मुंबईची खरेदी: लॅमिंग्टन रोड ते नागदेवी

प्लाझ्मा टेबल म्हणजे विजेच्या आर्कने पत्रा कापणारा टॉर्च संगणकाच्या हुकमाने फिरवणारं मशीन. ३ मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा त्यावर ठेवला की सपाट दिसतो. कटिंग सुरू झालं की तापून कोपरे उचलतात, मधला भाग दबतो. टॉर्च आणि पत्र्यातलं १.५ मिमीचं अंतर कुठे ३ मिमी होतं, तर कुठे नोझल थेट पत्र्यावर घासतं. कट तिरका येतो, खाली स्लॅग चिकटतो, आणि नोझल-इलेक्ट्रोडचा खर्च वाढतो तो वेगळाच. कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये आम्ही बांधलेल्या टेबलाला हाइट सेन्सिंग, म्हणजे टॉर्चची पत्र्यापासूनची उंची ओळखणारी सोय, बसवायची ठरली ते यासाठीच. त्याचे पार्ट आणायला मुंबई गाठली. अशाच खरेदीला निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

निघण्याआधी आपल्या प्लाझ्माचं मॅन्युअल काढा. दोन गोष्टी बघायच्या. पहिली, आर्क कसा सुरू होतो: हाय फ्रिक्वेन्सीने की ब्लोबॅकने (हवेच्या दाबाने टॉर्चमधला इलेक्ट्रोड नोझलपासून सुटून). हाय फ्रिक्वेन्सीत हजारो व्होल्टचे झटके असतात, ते सेन्सिंगच्या वायरीतून कंट्रोलरमध्ये शिरतात. दुसरी, मशीनमधून विभागलेलं, म्हणजे ठरावीक पटीत कमी केलेलं, आर्क व्होल्टेज बाहेर मिळतं का. टॉर्च उंच गेला की आर्क व्होल्टेज वाढतं, त्यावरूनच कट चालू असताना उंची कळते. हायपरथर्मच्या पॉवरमॅक्स ४५ ला सीपीसी पोर्ट (सीएनसीला जोडायचं मागचं सॉकेट) असेल, तर त्यावर ५०:१ ने कमी केलेलं व्होल्टेज घेता येतं. १२० व्होल्टच्या आर्कला बाहेर फक्त २.४ व्होल्ट. ही सोय असेल तर निम्मी खरेदी वाचली. साध्या, स्वस्त कट-५० मशीनमध्ये ती नसते, मग डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची साखळी) स्वतः बनवावा लागतो.

मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी सोयीची. तिकीट सीएसएमटीचं असलं तरी दादरला उतरा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल पकडा आणि ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडा. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, तिथून चालत जवळ आहे. दुकानं उघडायला साडेदहा-अकरा होतात, तोवर निवांत नाश्ता करून घ्या. रविवारी अजिबात जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात.

टीएचसी (टॉर्च हाइट कंट्रोल) म्हणजे कट चालू असताना आर्क व्होल्टेज बघून टॉर्च वर-खाली करणारी यंत्रणा. तिचं तयार युनिट इथे काउंटरवर मिळेल या भरवशावर जाऊ नका. टेबल चालवायला माक३ सॉफ्टवेअर वापरत असाल तर पोलंडच्या प्रोमाचं युनिट, लिनक्ससीएनसी असेल तर मेसाचं टीएचसीएडी कार्ड, हे आधीच मागवून ठेवा. बाहेरून येताना वेळ लागतो आणि कस्टम ड्युटीही बसते. साध्या जीआरबीएलला (छोट्या बोर्डवर चालणारा फुकट कंट्रोलर) टीएचसीचा वर-खाली सिग्नल कळत नाही, त्यामुळे कंट्रोलर कुठला हे ठरल्याशिवाय पैसे गुंतवू नका. लॅमिंग्टन रोडवर यायचं ते रेझिस्टर, रिले, ऑप्टोकपलर, आयसोलेटेड डीसी-डीसी, कनेक्टर आणि सेन्सरसाठी.

डिव्हायडरसाठी १०० किलोओहमचे, १ वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. एकाच मोठ्या रेझिस्टरवर सगळं व्होल्टेज टाकू नये. पाव वॉटच्या कार्बन फिल्मची मर्यादा साधारण २५० व्होल्टची, आणि कट नसताना प्लाझ्माचं व्होल्टेज त्याच्या वर जाऊ शकतं. १०० किलोओहमचे ५ नग ओळीने आणि शेवटी १० किलोओहमचा एक लावला की ५१:१ होतं, आणि ३०० व्होल्ट आले तरी प्रत्येक नगावर साठच्या आत. मोठे रेझिस्टर दोन्ही तारांत वाटून प्लाझ्मा मशीनच्या अंगालाच बसवा, म्हणजे टेबलाकडे येणाऱ्या केबलमध्ये पूर्ण व्होल्टेज येतच नाही. हे मी फार कळकळीने सांगतोय. टॉर्च आणि वर्क क्लॅम्पमधलं डीसी व्होल्टेज जीव घेऊ शकतं. मशीन उघडण्याआधी प्लग काढा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, आणि मीटरने तपासूनच हात घाला. हाय फ्रिक्वेन्सीच्या मशीनवर तोच मीटर जोडून आर्क मारू नका, मीटर जाईल.

आता सेन्सर. कट सुरू होण्याआधी पत्रा नेमका कुठे आहे हे शोधायला आम्ही तरंगता टॉर्च होल्डर निवडला: टॉर्च खाली टेकला की होल्डर किंचित वर सरकतो आणि प्रॉक्सिमिटी सेन्सर ते ओळखतो. एलजे१२ए३-४ हा १२ मिमीचा सेन्सर सगळीकडे मिळतो, पण शेवटची अक्षरं वाचून घ्या. बीएक्स म्हणजे एनपीएन (आउटपुट मायनसला जोडणारा), नॉर्मली ओपन, म्हणजे समोर धातू आल्यावरच चालू होणारा. एएक्स म्हणजे त्याच्या उलट, नॉर्मली क्लोज. एक्सऐवजी वाय असेल तर पीएनपी (आउटपुट प्लसला जोडणारा). मी खिशात ९ व्होल्टची बॅटरी आणि स्टीलची पट्टी घेऊन गेलो होतो. तपकिरी वायर प्लसला, निळी मायनसला, आणि पट्टी हळूहळू तोंडाजवळ नेली. साधारण ४ मिमीवर मागचा लाल दिवा लागला. दुकानदार म्हणाले, “भाऊ, चेक करून न्या, परत घेणार नाही.” त्यांचंही बरोबरच आहे. ॲल्युमिनियमचा तुकडा धरला तर दिवा फार जवळ नेल्यावरच लागतो, म्हणून होल्डर ॲल्युमिनियमचा असला तरी सेन्सरसमोर लोखंडी पट्टीच बसवा. बीएक्स असेल तर होल्डर खाली बसलेला असताना दिवा लागलेला राहील अशी रचना करा. मग वायर तुटली तरी कंट्रोलरला ‘टेकलं’ असंच वाटेल आणि झेड (टॉर्च वर-खाली नेणारा अक्ष) खाली घुसणार नाही.

ओहमिक सेन्सिंग, म्हणजे टॉर्चच्या शील्डचा (नोझलवरच्या धातूच्या टोपीचा) पत्र्याला स्पर्श विजेने ओळखणं, जास्त अचूक. १ मिमीचा पत्रा टॉर्चच्या वजनानेच खाली वाकतो, तिथे तरंगता होल्डर चुकीचा शून्य देतो. पण शील्ड नोझलपासून विलग असलेला टॉर्च हवा, आणि गंज, रंग, पाणी आलं की भरवसा कमी. जमलं तर दोन्ही ठेवा, ओहमिक आधी आणि होल्डर राखीव. ओहमिकसाठी २४ व्होल्टचा वेगळा सप्लाय घ्या, आणि आर्क पेटण्याआधी तार पूर्ण तोडणारा रिलेही.

होल्डरसाठी एमजीएन१२ ची छोटी लिनिअर रेल लॅमिंग्टन रोडलाच थ्रीडी प्रिंटरचा माल ठेवणाऱ्यांकडे बघा. रेल उभी धरली की तिच्यावरची सरकती गाडी स्वतःच्या वजनाने सरसर खाली यायला हवी. गाडी रेलवरून पूर्ण काढू नका, आतले छर्रे सांडतात.

दुपारनंतर टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केट. नागदेवी स्ट्रीटला स्प्रिंग, ॲलन बोल्ट आणि बेअरिंग, लोहार चाळीत शील्डेड केबल. स्प्रिंग मऊ घ्या. तिने होल्डर नुसता जागेवर बसवायचा, टॉर्च पत्र्यावर दाबायचा नाही. केबलची शील्ड (वायरींभोवतीची जाळी) एकाच टोकाला अर्थ करायची. टॉर्चचा क्लॅम्प हायलम किंवा डेलरिनचा (वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकचा) हवा. तो कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात टर्निंगवाल्याकडून करून घेतला तरी चालतो. हा सगळा भाग सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगा आहे, म्हणून तो शेवटी ठेवा. रात्री परतीची महालक्ष्मी तिथूनच सुटते. पक्कं बिल मागायला संकोचू नका, वर्कशॉपची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तो नंबर टाकून इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येतं.

पैसे मोजके असतील तर आधी तरंगता होल्डर, मग डिव्हायडर आणि टीएचसी. सुरुवातीची उंची चुकली तर पिअर्सिंगमध्येच (पत्र्याला पहिलं भोक पाडताना) नोझल जातं, पुढे टीएचसी कितीही महाग असली तरी ती काय करणार? पिअर्सची उंची कटच्या उंचीच्या दीड ते अडीच पट ठेवा. आणि टीएचसी लावल्यावर कोपऱ्यांवर ती बंद ठेवायची सेटिंग आधी शोधा: कोपऱ्यात वेग कमी झाला की आर्क व्होल्टेज वाढतं, टीएचसीला टॉर्च उंच आहे असं वाटतं आणि ती टॉर्च थेट पत्र्यात खाली आणते. आधी कापलेल्या फटीवरून जातानाही तेच होतं.