काळा: एका विशेषणाचा पसारा

वर्तमानपत्रात ‘काळा’ हे विशेषण आले की त्याच्यापुढे बहुधा गुन्हा तरी असतो किंवा निषेध तरी: काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, काळा कायदा, काळे झेंडे. हे प्रयोग आता इतके रुळले आहेत की मराठीत काळा म्हणजे वाईट, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे अवघड जाते. मला मात्र ते मान्य नाही. यांतले बरेचसे शब्द भाषांतराच्या वाटेने आले आहेत. बोलीतल्या मराठीत या विशेषणाचा पसारा कितीतरी मोठा आहे आणि त्यात मानाची जागाही आहे.

सर्वांत मोलाचा अर्थ जमिनीचा. विशेष्य गाळून नुसते ‘काळी’ म्हटले की ती पिकाखालची जमीन आणि नुसते ‘पांढरी’ म्हटले की गावाच्या वस्तीची जागा. जुन्या कागदपत्रांत तर ‘पांढरी’ हा शब्द समस्त गावकऱ्यांसाठीही येतो. ही विभागणी मातीच्या निरीक्षणातून आलेली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला आणि तो झिजून चिकणमातीचे प्रमाण भरपूर असलेली काळी जमीन घडली, जी पावसाळ्यात ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि जिच्यात साठलेल्या ओलीवर रब्बीची शाळू ज्वारी पोसते. वस्तीच्या जागी मात्र पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती साचत गेली की जमिनीला पांढुरका रंग येतो. म्हणून तर पांढरीची टेकाडे पुरातत्त्वज्ञांना खुणावतात. घोड नदीकाठच्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वसाहत अशाच टेकाडांत सापडली. शेतकरी जिला ‘काळी आई’ म्हणतो तिच्या नावातला काळा हा सुपीकतेचा रंग आहे, आणि या एका प्रयोगापुढे काळ्या बाजाराचे वजन मला फार कमी वाटते.

विशेष्य गाळण्याची हीच रीत हार्मोनियमवरही दिसते. सप्तकाच्या ७ पांढऱ्या आणि ५ काळ्या पट्ट्या असतात, आणि गायकाला त्याचा सूर विचारला तर ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’ एवढे उत्तर पुरते.

ज्या बेसाल्टने जमीन दिली त्यानेच खात्रीचा वाक्प्रचारही दिला, असे म्हणायला हरकत नाही. काळ्या दगडावरची रेघ म्हणजे न पुसणारी गोष्ट. ज्या प्रदेशात वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात याच दगडात वरून खाली कोरले गेले, तिथे या शब्दांना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

आता ज्या भागावर माझा सर्वाधिक जीव आहे तो, म्हणजे काळ्याच्या छटा सांगणारे जोडशब्द. केस आणि डोळे काळेभोर असतात, डोहाचे पाणी काळेशार, रात्रीचा अंधार काळामिट्ट, ढग काळाकुट्ट आणि कातळ काळाकभिन्न. तेल लागून चकाकणारे ते काळेकुळकुळीत, आणि एखादी वाईट बातमी ऐकून चेहरा पडला की तो काळाठिक्कर. ‘काळेकुट्ट डोळे’ हे व्याकरणाला चालेल, पण ऐकणाऱ्याला खटकेल, कारण ‘कुट्ट’मध्ये धास्ती आहे आणि ‘भोर’मध्ये लोभ. ‘अतिशय काळा’ या एकाच अर्थाखाली हे सगळे शब्द बसवले, तर प्रत्येकाची सोबत आणि प्रत्येकाचा भाव हातातून निसटतो. प्रत्ययांचेही तसेच आहे. ‘काळसर’ केवळ वर्णन करते, ‘काळपट’ म्हटले की रंग बिघडल्याची तक्रार ऐकू येते, आणि ‘काळवंडणे’ हे क्रियापद चांदीच्या भांड्याला, भरून आलेल्या आभाळाला आणि दुःखी माणसाच्या मुद्रेला सारखेच लागू पडते.

वाईट अर्थ सगळेच बाहेरून आले, असा दावा मी करणार नाही. तोंड काळे करणे, मनात काहीतरी काळेबेरे असणे हे प्रयोग अस्सल मराठी आहेत. माणसाच्या वर्णाबद्दल बोलताना तर ही भाषा निष्ठुरही होते. विठ्ठलाला सावळा म्हणताना त्या शब्दात भक्ती असते. लग्नाच्या मुलीला सावळी म्हणताना बहुधा सारवासारव असते, आणि हा फरक मला आजही टोचतो. त्याच समाजात संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसली जाते आणि मंगळसूत्रात काळे मणी ओवले जातात.

परिभाषा घडवताना आपण या शब्दाला बाजूला सारून ‘कृष्ण’कडे वळलो: कृष्णविवर, कृष्णधवल छायाचित्र. निंदेच्या याद्यांसाठी मात्र ‘काळी’च ठेवली. ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. ‘काळे-पांढरे छायाचित्र’ म्हटल्याने अर्थ तसूभरही कमी होत नाही आणि ते पाचवीतल्या मुलालाही लगेच कळते, म्हणून मी स्वतः लिहिताना तेच लिहितो.